बाई किती वेळ थांबतात?

शाळेत पर्यवेक्षक आहे म्हटलं की लोकांना वाटतं, मागच्या बाकावर बसून चुका काढत असेल. खरं तर बहुतेक निरीक्षणांत चुकासुद्धा काढलेल्या नसतात. 'टाचण व्यवस्थित, फलकलेखन सुवाच्य, विद्यार्थी सहभाग चांगला, प्रश्नकौशल्य वाढवावे.' हा शेरा वर्गात पाऊल न टाकताही लिहिता येतो, आणि तसे लिहिणारे महाभाग आहेत. 'वाढवावे' म्हणजे नेमकं काय करावे, हे शिक्षकाने विचारायचं नसतं.

मी मोजतो. कागदावर बैठकीचा आराखडा काढायचा, प्रत्येक मुलाला एक चौकोन. प्रश्न विचारला की टिंब, उत्तर बरोबर आलं की बरोबरची खूण, चुकलं की फुली, मूल गप्प राहिलं की आडवी रेघ, प्रश्न दुसऱ्याकडे गेला की बाण. बसायचं मागे नाही, फळ्याच्या बाजूच्या भिंतीला; मागून नुसती डोकी दिसतात, उत्तर पुटपुटणारे ओठ दिसत नाहीत. शिक्षकांना विचारून आवाज रेकॉर्ड करतो आणि नंतर ऐकताना, प्रश्न संपल्यापासून कोणीतरी बोलेपर्यंतचे सेकंद त्याच चौकोनात भरतो. काम किचकट आहे, एकेक जागा तीनतीनदा ऐकावी लागते.

सेकंदांची कल्पना माझी नव्हे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. निदान तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलं कमी होतात. वर्गात कोण काय बोलतं याची दर तीन सेकंदांना नोंद करायची फ्लँडर्सची दहा प्रवर्गांची पद्धत तर बी.एड.ला सगळ्यांनीच घोकलेली असते. परीक्षा झाली की संपलं.

आमच्या शाळेतल्या एक बाई सहावीला गणित शिकवतात आणि सगळ्या मुलांना विचारतात, अशी त्यांची ख्याती. आराखडा आधी तेच सांगत होता, जवळजवळ प्रत्येक चौकोनात टिंब. सेकंद भरले आणि चित्र फिरलं. हुशार मुलांसाठी तीन, चार, एकदा पाच. कच्च्या मुलांसाठी एक, अर्धा, एक, आणि लगेच बाण.

मी काही न बोलता कागद पुढे केला. बाईंनी बराच वेळ पाहिला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"याला सगळ्या वर्गासमोर ताटकळत उभं ठेवू का, सर? आधीच पोरगं मान वर करत नाही. मी त्याला सोडवते."

मी निरुत्तर झालो. या एका सेकंदाला मी दुर्लक्ष समजत होतो, बाईंच्या लेखी ती माया होती, आणि माझ्या कागदावर दोन्हींसाठी एकच आकडा होता.

पुढच्या निरीक्षणाला बाईंनी आपणहून वेगळीच रीत काढली. आधी सगळ्यांनी वहीत लिहायचं, मग ज्याला विचारेन त्याने वाचायचं. फळ्यावर 1/3 + 1/4. बाईंनी त्याच मुलाला उठवलं आणि थांबल्या. सहा सेकंद. वर्गात सहा सेकंदांची शांतता किती लांब असते, हे शिकवलेल्यालाच माहीत.

"दोन सप्तमांश."

"कसं?"

"वरचे वर, खालचे खाली."

कोणीतरी हसलं. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. 1/3 च्या खाली 2/6 लिहिलं. "हे दोन सारखेच ना?"

"हो."

"मग 2/6 मोठा की 2/7?"

"2/6."

"मग 1/3 मध्ये मिळवल्यावर कमी कसं झालं?"

तो फळ्याकडे बघत राहिला. तास संपल्याची घंटा झाली. लसावि राहिला, उदाहरणही राहिलं. मधल्या छोट्या प्रश्नांच्या खुणा सोडल्या तर माझ्या कागदावर त्याच्या चौकोनात एक फुली आणि एक आडवी रेघ. अख्ख्या आराखड्यात इतका वाईट चौकोन दुसरा नव्हता, आणि मी पाहिलेल्या तासांतला इतका चांगला प्रश्न क्वचितच कुठे ऐकला असेल.

मुख्याध्यापकांना वार्षिक अहवालासाठी 'प्रश्नकौशल्य' या रकान्यात पाचपैकी गुण हवे होते. कागद बाईंचा आहे, त्यावरून गुण देणार नाही, असं मी सांगितलं. त्यांनी स्वतःच 4 भरून टाकले. कशावरून, ते देव जाणे. हे आकडे एकदा फायलीत जायला लागले की प्रत्येक शिक्षक मी समोर असताना मनात तीनपर्यंत मोजेल आणि प्रश्न विचारेल 'कळलं का?' असा. बाईसुद्धा मी नसताना थांबतात की नाही, हे मला कळायला मार्ग नाही.

मात्र परवा स्टाफरूममध्ये त्यांनीच मला गाठलं. "सर, आता याल तेव्हा खिडकीजवळच्या दोघींचे सेकंद बघा. त्यांनाही मी सोडवत असणार."