मागच्या घराच्या वेगाने

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारी जमिनीवर फुकट मुक्काम करता येतो, असं आपल्याकडच्या पाहुण्यांना सांगितलं की ते आधी संशयाने बघतात. पण गोष्ट खरी आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, या खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. तिच्यातल्या बऱ्याच भागात २८ दिवसांतले १४ दिवस पैसे न भरता राहता येतं. नळ नाही, वीज नाही, कचऱ्याचा डबाही नाही. वाचतं ते कॅम्पग्राउंडचं भाडं, आणि डांबर संपल्यावरचे चार-पाच मैल ते वसूल करायला टपलेले असतात.

वसुली होते ती मागच्या ट्रेलरकडून, म्हणजे पिकअपला जोडून ओढत नेलेल्या चाकांवरच्या घराकडून. पुढच्या पिकअपला शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात, मऊ सीट असते, गाणी चालू असतात. मागे येणाऱ्या घराला बहुधा नुसते कमानपाटे असतात, शॉक नसतातच. पन्हाळी पत्र्यासारख्या खडबडीत रस्त्यावर पिकअप ताशी ३५ मैलांनी नेली, तर ती उंचवट्यांच्या माथ्यांवरून तरंगत जाते आणि चालवणाऱ्याला वाटतं, हे तर हळू जाण्यापेक्षा बरं! त्याच वेळी मागे कपाटांचे स्क्रू एकेक करून सुटत असतात. ट्रेलर असेल तर ताशी ८-१० मैल. पाच मैलांना ३० ते ४० मिनिटं लागतात, आणि ती लागू द्यावीत. मागून कोणी आलंच तर रुंद जागा बघून बाजूला व्हावं.

डांबर सुटतं तिथेच थांबून काही कामं उरकायची. पिकअप आणि ट्रेलर जोडणारा हिच वजन वाटून देणारा असेल तर त्याचे बार काढावेत. ओढ्याच्या खोलगट भागात पिकअपचं नाक वर चढत असतं आणि ट्रेलर अजून उतरत असतो. तेव्हा त्या बारांवर आणि ट्रेलरच्या सांगाड्यावर नको इतका ताण येतो. पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या ब्रेक कंट्रोलरचा जोर थोडा कमी करावा, नाहीतर खडीवर ट्रेलरची चाकं अडकून घसरतात. टायरमधली हवा कमी करण्याबद्दल मात्र उत्साह आवरावा. पिकअपची खुशाल करा. ट्रेलरचा टायर वजन पेलतो तो हवेच्या दाबावरच, म्हणून तिथे कमी करायची तर थोडीच, वेगही तसाच कमी, आणि डांबरावर परतताच छोट्या कॉम्प्रेसरने पुन्हा भरायची.

पाण्याचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. ४० गॅलनची टाकी भरली की सुमारे १५० किलो वजन वाढतं. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के हिचवर यायला हवं. ५,००० पौंडांचा ट्रेलर असेल तर ५०० ते ७५० पौंड. टाकी चाकांच्या मागे असेल तर ती भरल्यावर ट्रेलरचं नाक हलकं होतं आणि हायवेवर तो शेपूट हलवू लागतो. म्हणून घरून टाकी भरून निघण्यापेक्षा शेवटच्या गावात भरणं शहाणपणाचं.

आतली आवराआवर स्वयंपाकघरापासून सुरू करावी. कुकर, स्टीलचे डबे, तेलाची बाटली हे सगळं खाली, जमिनीलगत. वरच्या फडताळात पापड ठेवा. फ्रिजच्या दाराची कडी दोनदा तपासा.

आडवाटेला मोडणारी पहिली वस्तू बहुधा मागच्या टोकाची सांडपाण्याची नळी असते. चाकांच्या मागे लांब शेपूट असल्यामुळे घळीतून वर चढताना तेच जमिनीला घासतं. त्यानंतर नंबर कमानपाट्यांच्या जोडातल्या प्लॅस्टिकच्या बुशांचा. ते झिजले की बोल्ट थेट धातूवर घासतो आणि भोकं लांबोळी होतात. पितळी बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट टाकून घेणं हा या छंदातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. चाकांचे नटही टॉर्क पान्याने मधूनमधून बघावेत. आणि ट्रेलर भाड्याचा असेल तर आधी करार वाचावा. कच्च्या रस्त्यावर न्यायला त्यात बरेचदा बंदी असते.

रस्ता माहितीचा नसेल तर ट्रेलर अलीकडे सोडून पुढचा भाग पिकअपने किंवा चालत बघून यावा. प्रश्न फक्त पोचण्याचा नसतो, वळायला जागा आहे का हाही असतो. फोनवरच्या नकाशाला मागचं घर दिसत नाही. युटा राज्यात व्हॅली ऑफ द गॉड्स या खोऱ्यातला कच्चा रस्ता पश्चिमेला मोकी डगवे या घाटाच्या पायथ्याशी निघतो. हा घाट खडीचा, नागमोडी, १० टक्के चढाचा. २८ फुटांहून लांब किंवा १०,००० पौंडांहून जड वाहनांनी तिकडे जाऊ नये, अशी सूचना आहे. नकाशा मात्र तीच जवळची वाट म्हणून सुचवू शकतो.

जागेवर पोचल्यावरचा क्रम मोडू नये. ट्रेलर अजून जोडलेला असतानाच एका बाजूच्या चाकांखाली ठोकळे घालून डावी-उजवी पातळी साधायची, कारण पुढचा जॅक फक्त पुढचं-मागचं बघतो. मग चाकांना अडण, मगच हिच सोडायचा. कोपऱ्यांचे जॅक घर डुलू नये म्हणून असतात. त्यांनी घर उचलायला गेलं की ते वाकतात. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर पातळी हा हट्ट नाही, गरज आहे: बराच वेळ तिरका चालला तर त्यातलं अमोनियाचं मिश्रण नीट फिरत नाही आणि फ्रिज कायमचा बसतो.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात, कितीही सपाट आणि वाळूची असली तरी, जागा घ्यायची नाही. जुलै ते सप्टेंबर तिथेही मान्सूनच म्हणतात, आणि पूर येतो तो दूर कुठेतरी पडलेल्या पावसाचा. युटातली बेंटोनाइट नावाची चिकणमाती भिजली की टायरला थर चढून तो गुळगुळीत होतो, मग फोर व्हील ड्राइव्हही घसरते. अशा वेळी निघायचंच नसतं, ऊन पडून रस्ता वाळेपर्यंत बसून राहायचं असतं. त्यासाठी दोन दिवसांचं पाणी आणि किराणा जास्तीचा हवा, आणि लाँग वीकेंडनंतरच्या मंगळवारची मीटिंग कोणाच्या तरी गळ्यात आधीच घातलेली बरी.