काळा बिबट्या, मोजकाठी आणि ऊसतोड : यंदाच्या हंगामाचं तपासणी-टिपण

मागच्या हंगामापर्यंत ‘बिबट्या दिसला’ अशी क्लिप तपासायला आली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा : जनावर कोणतं? यंदा तो तिसऱ्या नंबरवर ढकलला आहे. आता आधी विचारायचं, जनावराची खांद्यापर्यंतची उंची किती. मग विचारायचं, शूटिंग ज्या जागेवरून झालं ती जागा सापडेल का. या दोन्हींची उत्तरं मिळाली की तिसऱ्यावर वाद घालायची वेळ फारशी येत नाही.

नाशिकची अडचण अशी की इथे ‘बिबट्या आला’ ही हाकाटी बऱ्याचदा खरी असते. निफाड, सिन्नर, दिंडोरीचा ऊस, दारणा आणि गोदावरीकाठचे मळे, इगतपुरी-त्र्यंबकचे डोंगर, सगळीकडे बिबट्या राहतो. जानेवारी २०१९ मध्ये तो थेट गंगापूर रोडच्या सावरकरनगरात शिरला होता. त्यामुळे ‘काहीतरीच दिसलं असेल’ म्हणून झटकून टाकता येत नाही आणि प्रत्येक सावलीवर विश्वासही ठेवता येत नाही.

इंग्लंडात कोडं उलटं आहे. तिथे रानात बिबट्यासारखी मोठी मांजरं नाहीत, तरी ती ‘दिसतात’. १९७६ च्या कायद्याने घरी जंगली जनावर पाळायला परवाना लागू लागला, तेव्हा लोकांनी आपली जनावरं गुपचूप सोडून दिली, हा तिथला आवडता खुलासा. कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन माळाच्या ‘श्वापदा’ची १९९५ मध्ये सरकारी चौकशी झाली. तपासनीसांनी केलेली साधी गोष्ट आपण तशीच उचलली आहे : फोटो-व्हिडिओच्या जागी परत जायचं, जनावर उभं होतं तिथे मोजपट्टी धरायची. त्यातलं एक ‘काळं श्वापद’ खांद्याला जेमतेम ३० सेंमी भरलं, म्हणजे घरचं मांजर. ठोस पुरावा सापडला नाही, आणि असं जनावर नाहीच हेही सिद्ध होत नाही, असं अहवालात लिहिलं गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत फोवी नदीत एका मुलाला बिबट्याची खरीखुरी कवटी मिळाली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने पाहिलं तर तिच्यावर सुरीचे काप होते आणि आत उष्ण देशातल्या झुरळाच्या अंड्यांची पुडी. कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या कातडी गालिच्याची कवटी ती. पुरावा अस्सल असला तरी तो तिथलाच असतो असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्याच जिल्ह्याची जुनी क्लिप ‘काल रात्री आपल्या कॉलनीत’ म्हणून फिरते, तेव्हा ही कवटी आठवावी.

मोजकाठी

सव्वा इंची पीव्हीसी पाइप, लांबी दीड मीटर, दर १० सेंमीवर लाल-पांढरी टेप आलटून पालटून. खालच्या टोकाला बूच लावायचं, नाहीतर भुसभुशीत मातीत काठी पाच सेंमी घुसते आणि तेवढी चूक थेट मापात येते. काठी सरळ उभी आहे का हे बघायला वर ओळंबा बांधला तर उत्तमच.

शक्य तर तोच मोबाइल, तीच जागा, तेवढाच झूम. सीसीटीव्ही असेल तर काम सोपं, कारण कॅमेरा हललेला नसतो. क्लिपमधली एक फ्रेम निवडायची : पाय सरळ, मान वर उचललेली नाही, अंग कॅमेऱ्याला आडवं. खांद्यापासून जमिनीपर्यंतचे पिक्सेल मोजायचे, मग त्याच जागी धरलेल्या काठीचे. उदाहरणादाखल : काठीचा एक मीटर भरला ४१२ पिक्सेल, जनावराचा खांदा १५८ पिक्सेल. १५८ भागिले ४१२ गुणिले १०० म्हणजे ३८ सेंमी. रानमांजर ३५ ते ४० मध्ये बसतं, घरचं मांजर २५ च्या आसपास, मोठा बिबट्या साधारण ५५ ते ७०. निकाल लागला.

चूक होते ती अंतरात. कॅमेरा २० मीटरवर आणि जनावर काठीच्या दीड मीटर मागे असेल, तर ३८ चे ४१ होतात, फार बिघडत नाही. पण कॅमेरा पाच मीटरवर असेल तर तीच दीड मीटरची चूक माप ३० टक्क्यांनी फिरवते. म्हणून जवळच्या क्लिपला पायाखालची खूण शोधल्याशिवाय काठी लावायची नाही : फरशीचा सांधा, पाटाची कड, ठिबकची नळी, काहीही चालेल.

उंचीने मांजरांची आपसातली वाटणी होते, कुत्र्याची होत नाही. गावठी कुत्रा ४५ ते ६० सेंमी असतो, म्हणजे बिबट्याच्या मादीच्या जवळ जातो. तरस तर सरळ बिबट्याइतकंच उंच. तिथे आकार बघायचा. तरसाचा खांदा वर, कंबर खाली, पाठ घसरगुंडीसारखी, मानेवर आयाळ आणि अंगावर पट्टे. रात्री दिव्याच्या झोतात पट्टे दिसले की लगेच ‘पट्ट्याचा वाघ’ होतो.

शेपटी हा दुसरा आधार. रानमांजराची शेपूट आखूड, मागच्या पायाच्या ढोपरापर्यंत, टोकाकडे काळी कडी. बिबट्याची शेपूट धडाच्या निम्म्याहून लांब, टोक वर वळलेलं, खालून पांढरं. पण लांब शेपटीवर एकदम विसंबू नका. काळमांजराची (पाम सिव्हेट) शेपूट जवळजवळ अंगाएवढी असते, रंग काळपट, आणि ते रात्री कंपाउंडच्या भिंतीवरून, केबलवरून आरामात चालतं. शहरातल्या सीसीटीव्हीतल्या ‘काळ्या बिबट्याच्या पिल्ला’ला हा खुलासा चपखल बसतो. पाय बघा : काळमांजराचे पाय तोकडे असतात, पोट जमिनीला लागल्यासारखं वाटतं.

काळ्याचं काय?

काळा बिबट्या ही वेगळी जात नव्हे. बिबट्यातला काळेपणा अप्रभावी जनुकातून येतो. तो जनुक लपवून असलेले दोन ठिपकेदार आईबाप एकत्र आले तर प्रत्येक पिल्लू काळं निघण्याची शक्यता चारात एक. महाराष्ट्रात ताडोब्यात तो दिसला आहे, दक्षिण कोकणातही आहे. म्हणून ‘नाशकात शक्यच नाही’ असं टिपणात लिहायचं नाही. लिहायचं ते एवढंच, की आलेला पुरावा कशाचा आहे.

बहुतेक वेळा तो उजेडाचा असतो. मागे हॅलोजन किंवा गाडीचे दिवे असले की कॅमेरा त्या उजेडाला सांभाळतो आणि पुढचं सगळं काळं पडतं. ठिपकेदार बिबट्या, भटका कुत्रा, कालवड, सगळी एकाच रंगाची. रात्रीचा इन्फ्रारेड सीसीटीव्ही मात्र उपयोगी पडतो, कारण त्या प्रकाशात खऱ्या काळ्या बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची जाळी उमटते. जनावर जवळून गेलं, फोकस ठीक आहे, आणि तरीही अंग सपाट दिसतं, तर शंका घ्यायला जागा आहे. लांबच्या धूसर फ्रेमवरून हा निष्कर्ष काढू नका, तिथे पिवळ्या बिबट्याचेही ठिपके पुसले जातात.

याच्या बरोबर उलटा घोळ द्राक्षबागेत होतो. मांडवाखाली पानांतून कवडसे पडतात आणि तांबूस कुत्रा छान ठिपकेदार होतो. क्लिप पुढे चालवा. जनावर चाललं की खरे ठिपके अंगाबरोबर जातात, कवडसे जागेवर राहतात.

एआयच्या चित्रांनाही जवळपास हीच चाळणी लागते : दोन फ्रेममध्ये ठिपक्यांची मांडणी बदलते का, शेपूट गजाच्या पुढून जाते की मागून. त्याआधी मूळ फाइल मागा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती काढून टाकतं.

ठसे

पाटाच्या कडेची ओल, पाणंदीतली फुफाट्याची पावडर आणि नुकत्याच भरलेल्या सरीचा काठ, या तीन जागा सोडून बाकी ठिकाणी ठसा शोधण्यात वेळ घालवू नये. मांजरकुळात नखं उमटत नाहीत, तळव्याच्या गादीला मागच्या बाजूने तीन उंचवटे असतात आणि चार बोटांची मांडणी जराशी तिरकी असते. कुत्र्याचा ठसा सारखा, लांबट, नखांसह. तरसाचीही नखं उमटतात. मात्र चिखलात घसरलं किंवा धावलं तर बिबट्याचीही नखं दिसतात, त्यामुळे एका ठशावर निकाल नको, ओळीने पाच-सहा बघा. शांत चालीत मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो.

मादीचा ठसा साधारण ७ सेंमी रुंद, नराचा ८ ते ९. पट्टेवाल्या वाघाचा १२ च्या पुढे. ओल्या मातीत कडा बाहेर फाकतात आणि ७ चा ९ होतो, म्हणून माप ठशाच्या तळाचं घ्यायचं, ओठांचं नाही. फोटोत नाणं ठेवायचं तर दहा रुपयांचं ठेवा, व्यास २७ मिमी. कॅमेरा बरोबर डोक्यावर धरा. तिरक्या फोटोतलं माप आपण यंदापासून घेतच नाही.

साच्यासाठी एका ठशाला अर्धा किलो प्लास्टर ऑफ पॅरिस, मापाने दोन वाटी प्लास्टरला एक वाटी पाणी. पाण्यात प्लास्टर टाकायचं; उलटं केलं की गाठी होतात. जुन्या एक्स-रे फिल्मची पाच सेंमी रुंद पट्टी कापून, स्टेपल करून गोल कडं करा आणि ते ठशाभोवती दाबा. थेट ठशात ओतू नका, बाजूला चमचा धरून त्यावरून वाहू द्या. एरवी अर्ध्या तासात घट्ट होतं, पण निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे पाऊण तास तरी थांबायला लागतं. घाईने उचललेल्या साच्याची बोटं मातीतच राहतात. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली असेल तर ते प्लास्टर फेकून द्या, ते नीट घट्ट होत नाही.

कॅमेरा ट्रॅप

जनावर पुढून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. खासगी शेतात मालकाची परवानगी, वनजमिनीवर वनविभागाची. त्याशिवाय लावायचा नाही.

उंची ४५ सेंमी, वाटेपासून तीन ते चार मीटर, तोंड उत्तर किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिम लावला की उगवतीचं आणि मावळतीचं ऊन सेन्सरला फसवतं. उसाच्या कडेला सगळ्यात मोठा शत्रू पात. वाऱ्याने एक पात हलत राहिली की सकाळपर्यंत कार्ड पातीच्या फोटोंनी भरतं, आणि रात्री तीच पात इन्फ्रारेडने पांढरीफटक होऊन मागचं सगळं अंधारात टाकते. समोरची पाती मालकाला विचारून काढा. एप्रिल-मेच्या दुपारी जमीन अंगाइतकी तापली की सेन्सरला जनावर वेगळं कळत नाही, त्यामुळे उन्हाळी दुपारचं रिकामं कार्ड म्हणजे ‘काही आलं नाही’ असा अर्थ लावायचा नाही.

आठ सेलच्या कॅमेऱ्यात साधे रिचार्जेबल टाकले तर १२ ऐवजी ९.६ व्होल्ट मिळतात आणि बरेच कॅमेरे लवकर ‘बॅटरी कमी’ म्हणून बंद पडतात. थंडीत साधे अल्कलाइनही बसतात. हिवाळ्यापुरते लिथियम परवडतात.

घड्याळ! सेल बदलताना तारीख १ जानेवारीवर जाते, किंवा सकाळ-संध्याकाळ उलटी लागते, आणि मग रात्री एकचा बिबट्या भर दुपारी एक वाजता शिवारात फिरताना दिसतो. दर वेळी पहिला फोटो मोबाइलच्या घड्याळाचा घ्या. तोच बिबट्या आहे का हे ओळखायचं तर दोन्ही कुशींचे फोटो हवेत. डावीकडची ठिपक्यांची नक्षी उजवीकडे नसते. म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे, किंचित तिरके, नाहीतर एकाचा झोत दुसऱ्याला आंधळं करतो.

फडातली पिल्लं

ऊसतोड सुरू झाली की हे फोन वाढतात. पाचटात सापडलेलं प्रत्येक ठिपकेदार पिल्लू बिबट्याचं नसतं. वाघाटी, म्हणजे रस्टी स्पॉटेड कॅट, पूर्ण वाढली तरी एक-दीड किलोची, घरच्या मांजरापेक्षा लहान, आणि तिची पिल्लं उसातच होतात. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे अंगाच्या मानाने जाड, डोकं मोठं, अंग राखाडी लोकरीसारखं, ठिपके दाटीचे. वाघाटीच्या पिल्लाचे पाय बारीक, कपाळावर आणि डोळ्यांच्या आतल्या बाजूने उभ्या पांढुरक्या रेघा. शंका असेल तर बिबट्याचंच धरून चाला : हात लावू नका, त्या सरीची तोड थांबवा, टोळीला मागे घ्या, १९२६ वर वनविभागाला कळवा. वनकर्मचारी संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात आणि मादी रात्री घेऊन जाते. त्यासाठी जागा तीच हवी आणि आसपास माणूस नको. सेल्फीसाठी बांधावर नेलेलं पिल्लू परत नेमक्या सरीत ठेवणं फार अवघड जातं.

विचारायचं कसं

खेड्यात ‘वाघ’ म्हटलं की त्यात बिबट्या आलाच. वाघबारशीला पूजतात त्या वाघोबातही तो आहे. पट्टेवाल्यासाठी ‘ढाण्या वाघ’ म्हणतात, पण घाबरलेला माणूस शब्द तोलून वापरत नाही. ‘पट्टे होते का?’ असं विचारलं की पट्टे होतातच. ‘दादा, अंगावर काय दिसलं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. मग उंची हाताने दाखवायला सांगा, तो हात मोजा.

आणि पट्ट्यांची नोंद हसण्यावारी नेऊ नका. फेब्रुवारी २०१९ मध्ये गुजरातच्या महिसागर जिल्ह्यात एका शिक्षकाने रस्त्याकडेच्या वाघाचा मोबाइलवर फोटो काढला, कोणाला पटेना, आणि काही दिवसांत वनविभागाच्या कॅमेऱ्यात तो वाघ आला. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ गौताळा औट्रमघाट अभयारण्यात पोहोचला, आणि गौताळा आपल्या नांदगाव तालुक्यापासून काही फार लांब नाही. तो कुठला हे पट्ट्यांच्या जुळणीवरून कळलं.

खऱ्या बिबट्याची जागा ग्रुपवर टाकायची नाही, हा नियम तसाच. गर्दी जमली की बिथरलेलं जनावर माणसाच्या अंगावर जातं. सावरकरनगरात माणसं जखमी झाली ती अशाच गोंधळात.

शिल्लक काम : सिडकोतली भिंतीवरची क्लिप. भिंत पाच फुटी आहे असं मालक म्हणतात, पण आतून की बाहेरून ते विचारायचं राहिलं. बाहेर नाली आहे, त्यामुळे फरक फूटभराचा पडू शकतो. काठी लावून होईपर्यंत तिच्यापुढे ‘अनिर्णित’.