इसानचा भात आणि आटपाडीची म्हैस

थायलंडच्या ईशान्येला इसान नावाचा वीस प्रांतांचा मुलूख आहे. देशातली जवळपास एक तृतीयांश माणसं तिथं राहतात, आणि गरिबीचा मोठा हिस्साही वर्षानुवर्षं तिथंच आहे. नकाशा बघून वाटतं, मेकाँगसारखी नदी उशाला, मग अडचण कसली? पाऊस आमच्या आटपाडीच्या कितीतरी पट पडतो, हे खरंच. पण जमीन वाळूसारखी, पाणी धरून ठेवत नाही. खाली मिठाचे थर. काही गावांत उन्हाळ्यात वरची माती खरवडतात, पाण्यात कालवतात आणि ते पाणी उकळून मीठ काढतात, इतका क्षार वर येतो. कालव्याचं पाणी थोड्याच शिवाराला. बहुतेकांचं वर्षाचं पीक एकच, पावसावरचा भात. त्यातही बरेच जण चिकट तांदूळ लावतात तो घरी खायला, आणि सुगंधी जास्मिन लावतात तो विकायला.

एका पिकावर वर्ष काढणं म्हणजे काय, हे सांगलीच्या पूर्व भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच इसानबद्दल जे हाती लागेल ते मी वाचत आले. मी आटपाडी तालुक्यात एका पतसंस्थेसाठी महिला बचत गटांचं काम बघते. आमच्या खानापूर-विट्याकडची निम्मी नातीगोती गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. एक मावसभाऊ त्याच वाटेनं पुढं जात बँकॉकला खड्यांच्या व्यापारात पोहोचला. त्याच्याकडे गेले तेव्हा त्याची गाडी चालवणारे दादा सिसाकेत प्रांतातले निघाले. बँकॉकच्या टॅक्सीवाल्यांत इसानची माणसं पुष्कळ. भाऊ मध्ये बसून थाईचं मराठी करत होता आणि मी आमच्या गटातल्या बायकांना विचारते तेच प्रश्न त्यांना विचारत होते. जमीन किती? पंधरा राई, म्हणजे आपले सहा एकर. घरी कोण? आई, वडील आणि दादांची लेक. बायको कुठं? तीही बँकॉकलाच, कारखान्यात. कर्ज? ते हसले आणि बोटांवर मोजायला लागले: शेती बँकेचं, गावच्या निधीचं, गाडीचं.

आणि तरीही त्यांचं घर गरिबीतून वर आलं होतं. मला खरं कुतूहल त्याचंच होतं. जागतिक बँकेच्या हिशेबानं थायलंडमधलं गरिबीचं प्रमाण 1990 मध्ये 58 टक्के होतं, 2020 मध्ये ते 6.8 टक्क्यांवर आलं. तीस वर्षांत एवढी मजल सोपी नाही. जे अजून मागं राहिले त्यांतले बहुतेक खेड्यांत आणि शेतीवर आहेत. ते कसे वर येतील, यावर माझं स्वतःचं एक मत तयार झालं आहे आणि ते बरंचसं आमच्या कर्जाच्या अर्जांतून आलं आहे.

आमच्या अर्जावर ‘कर्जाचे कारण’ असा रकाना असतो. तिथं म्हैस असते, शेळ्या असतात, शिलाई मशीन असतं. एकदा एका वहिनींचा अर्ज भरत होते. घरात सासऱ्यांचं ऑपरेशन ठरलेलं, हे गावाला ठाऊक. मी पेन थांबवलं तर त्या म्हणाल्या, “म्हसच लिवा ताई. दवाखाना लिवला तर वरचं सायब देत्यात व्हय?” पैसे मिरजेच्या दवाखान्यात गेले. हप्ते सुरू झाले, आणि न घेतलेल्या म्हशीचं दूध कुठून येणार? दारातल्या दोन शेळ्या विकल्या, नवरा-बायको ऊसतोडीला गेले, थोरल्या मुलीची शाळा त्या हंगामात सुटली. सगळं कर्ज त्यांनी फेडलं. आमच्या दप्तरी ते खातं उत्तम म्हणून नोंदलं गेलं. घर मात्र होतं त्याच्या दोन पायऱ्या खाली गेलं.

अशी घरं मी इतकी बघितली आहेत की आता माझी खात्री झाली आहे. गरीब माणूस कष्टानं थोडा वर येतच असतो. एक आजारपण, एक बुडालेलं पीक, एक लग्न, आणि तो परत खाली जातो. तेव्हा पहिलं काम त्याचं हे पडणं थांबवण्याचं. हातात आणखी कर्ज देणं त्याच्या नंतरचं.

थायलंडनं हे एका बाबतीत फार चांगलं केलं. 2001 मध्ये तिथं ‘30 बाट’ योजना आली आणि पुढच्याच वर्षी तिचा कायदा झाला. सरकारी नोकर आणि कंपन्यांतले विमाधारक कामगार सोडून बाकी सगळ्यांना एका भेटीला 30 बाट, म्हणजे तेव्हाचे आपले तीसेक रुपये, एवढ्यात उपचार. खर्च करातून. या योजनेमागचे मुख्य शिल्पकार डॉ. सांगुआन नित्यारम्फोंग हे स्वतः सिसाकेतमधल्या रासी सालाई इथल्या ग्रामीण रुग्णालयात राहिलेले डॉक्टर. उपचारासाठी म्हशी आणि जमिनी विकणारी माणसं पाहिलेल्या माणसाच्या हातून असा कायदा होतो, असं मला वाटतं. पण नुसत्या कायद्यानं भागलं नसतं. त्याच्या आधी तीस वर्षं तयारी चालली होती. 1972 पासून नव्या डॉक्टरांना तीन वर्षं सरकारी सेवा सक्तीची, तालुक्यातालुक्यात रुग्णालयं, आणि गावोगाव आरोग्य स्वयंसेवक, जे आज दहा लाखांच्या घरात आहेत. म्हणून योजनेचं कार्ड हातात आलं तेव्हा दाखवायला जवळ दवाखाना होता, आणि त्यात डॉक्टरही होता. औषधोपचाराच्या खर्चामुळं गरिबीत ढकलल्या जाणाऱ्या घरांचं प्रमाण त्यानंतर बरंच खाली आलं.

आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिनं सावरलेली घरं मी जवळून पाहिली आहेत. पण ती मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आणि ठरलेल्या उपचारांसाठी. साखर-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, तपासण्या, मिरजेपर्यंतचं गाडीभाडं, बुडालेला रोज हे घरातूनच जातं. आणि म्हशीच्या नावावरचं कर्ज बहुतेकदा त्यातच मुरतं. सिसाकेतच्या दादांच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हा काय विकावं लागलं, असं मी विचारलं. भावानं प्रश्न दोनदा सांगितला, कारण त्यांना तो लागलीच कळला नाही. काहीच विकलं नव्हतं.

त्याच 2001 मध्ये तिथं दुसरी मोठी योजना आली. सुमारे 77 हजार गावांना प्रत्येकी दहा लाख बाटचा निधी, आणि गावची समिती तो कर्जाऊ फिरवणार. माझ्या कामाच्या अगदी जवळची गोष्ट, म्हणून मी तिच्याकडं जास्त बारकाईनं पाहिलं. गाव पन्नास घरांचं असो की अडीचशे घरांचं, रक्कम तीच. त्यामुळं लहान गावात घरटी पैसा जास्त आला, मोठ्यात कमी, आणि अभ्यासकांना आपोआप तुलना मिळाली. रॉबर्ट टाउनसेंड आणि जोसेफ कबोस्की यांनी ती केली. टाउनसेंड यांचं पथक 1997 पासून बुरीराम, सिसाकेत, लोपबुरी आणि चाचोएंगसाओ या चार प्रांतांतल्या घरांचे जमाखर्च टिपत आलेलं होतं. त्यांना असं दिसलं की कर्ज वाढलं, घरखर्च वाढला, शेतीतली गुंतवणूक आणि मजुरीचे दरही वाढले, पण घरांच्या एकूण मालमत्तेची वाढ मंदावली. एका निधीचं कर्ज दुसऱ्याच्या पैशानं फेडायचं, हा प्रकारही तिथं आहे. आमच्याकडे एका बाईच्या पिशवीत चार-चार फायनान्स कंपन्यांची हप्त्याची कार्डं असतात, सोमवार एकीचा आणि गुरुवार दुसरीचा.

याचा अर्थ कर्ज वाईट असा कुणी घेऊ नये. म्हसवडला 1997 मध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, तिनं माण-खटावच्या बायकांच्या नावावर पहिल्यांदा पैसा आणला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या बँकेच्या पहिल्या अर्जाला रिझर्व्ह बँकेनं नकार दिला होता, कारण सह्यांऐवजी अंगठे होते. बायका लिहायला शिकून परत गेल्या. पण त्याच माणदेशी संस्थेला 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उघडावी लागली, आणि माझ्या दृष्टीनं ती छावणी बँकेइतकीच महत्त्वाची. जनावर दावणीला टिकलं तर पुढचं कर्ज कामाचं.

भाताच्या भावाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथला अनुभव स्पष्ट आहे. 2011 मध्ये यिंगलक शिनावात्रा यांच्या सरकारनं साध्या भाताला टनामागं 15 हजार बाट देऊन खरेदी सुरू केली, बाजारभावाच्या बरीच वर. जगात भाव चढतील ही अपेक्षा होती. त्याच सुमाराला भारतानं बिगर-बासमती तांदळाची निर्यात खुली केली आणि 2012 मध्ये निर्यातीत थायलंडला मागं टाकलं. गोदामं भरून राहिली, सरकारचं प्रचंड नुकसान झालं, 2014 च्या सुरुवातीला शेतकऱ्यांचे पैसे थकले. पण मला खटकतं ते वेगळंच. विकायला ज्याच्याकडं जास्त, त्याला फायदा जास्त. घरी खाण्यापुरता चिकट तांदूळ पिकवणाऱ्या इसानच्या म्हातारीला त्या भावाचा काय उपयोग?

तिला उपयोग पाण्याचा आहे. दुसरं पीक, थोडा भाजीपाला, शेततळ्यातले मासे, यानं हाताला वर्षभर काही ना काही येतं. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यावर आमच्या शिवारात काय बदललं ते आम्ही पाहतोय. पण पाणी कुणाला, हा प्रश्न पाण्याइतकाच मोठा. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं तेव्हा ठरवलं होतं, पाण्यावर हक्क सगळ्या घरांचा, भूमिहीनांचासुद्धा. इसानमध्ये नवे कालवे, तलाव होतील तेव्हा हा नियम आधी लिहून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आता बाहेरच्या कमाईबद्दल. इसान वर आलं ते मुख्यतः बँकॉकच्या पगारानं, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपलं तरी काय वेगळं? जावळी-पाटणच्या घरांवर कौलं चढली ती मुंबईच्या मनिऑर्डरीनं, आणि विट्याच्या आसपासचे बंगले गलाईच्या पैशावर. पण बाहेर जाण्या-जाण्यात फरक असतो. पाटणच्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली, 1969 चा कायदा झाला, आणि पाठीवर पोती वाहणाऱ्याला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना मिळाला. एका पिढीत हमालाचा मुलगा पदवीधर झाला तो नुसत्या मजुरीवर झाला नाही. इसानमधून परदेशी जाणाऱ्या कितीतरी जणांनी एजंटाचे पैसे भरायला जमीन गहाण टाकलेली असते. इस्रायलच्या शेतांवर सुमारे तीस हजार थाई मजूर होते, बरेचसे इसानचे. 7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्यात त्यांतले कितीतरी मारले गेले, काहींना ओलीस नेलं. त्यांच्या मागं गावात कर्ज राहिलं असेल, तर ते आता कोण फेडणार? एजंटाची फी मालकानं भरायची, हा एक नियम कडक पाळला गेला तर सिसाकेतमधली बरीच जमीन वाचेल.

शाळेबद्दल लिहिताना मला भाऊराव पाटील आठवल्याशिवाय राहत नाहीत. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि ‘कमवा आणि शिका’तून फी नसलेली मुलं शिकली. आमचे आजोबा त्यांतलेच एक. इसानच्या बुरीराम प्रांतात मेचाई वीरवैद्य यांनी बांबूची शाळा काढली आहे. तिथं पैशांत फी नाही. मूल आणि पालक झाडं लावतात आणि गावासाठी ठरलेले तास काम करतात. मुलं शेती आणि छोटा धंदा शाळेतच शिकतात, म्हणजे गाव सोडायचं की नाही हे त्यांना निवडता येतं. अशी एक शाळा पुरणार नाही, पण दिशा मला पटते.

दादांची लेक आजी-आजोबांकडं वाढते आहे. इसानमध्ये अशी घरं फार आहेत, मधली पिढीच गावात नाही. साठी ओलांडलेल्यांना तिथं सरकार महिना 600 बाट भत्ता देतं, वय वाढेल तसा थोडा जास्त. त्यात नातवंडाचं दूध आणि स्वतःचं पोट कसं बसवायचं? भात लावायला, कापायला आता यंत्रवाल्याला पैसे द्यावे लागतात, आणि ते पैसे बँकॉकहून आले नाहीत तर शेत पडून राहतं. मला विचाराल तर सरकारनं नव्या कर्जयोजनेआधी हा भत्ता वाढवावा. म्हातारीच्या हातातला पैसा त्याच दिवशी घरात आणि गावच्या दुकानात येतो.

आमच्या गटांत मी या पावसाळ्याआधी एक गोष्ट सुरू करते आहे. दर महिन्याच्या बचतीतून थोडी रक्कम वेगळ्या खात्यात, फक्त आजारपणासाठी, बिनव्याजी, आणि अर्जावर ‘दवाखाना’ असंच लिहायचं. दिघंची आणि खरसुंडीकडच्या गटांनी होकार दिला आहे. किती दिवसांत परत करायचं आणि ज्या घराला जमणारच नाही त्याचं काय, या दोन कलमांवर अजून वाद चालू आहे. वहिनींचं म्हणणं, पहिलं वर्ष कुणाकडून परत मागूच नका. कोषाध्यक्ष अक्कांना ते मान्य नाही. नियम ठरले की इथं टाकते. तुमच्याकडच्या गटांनी असं काही चालवलं असेल तर त्याआधी जरूर कळवा.