एक पिंप कमी करून बघा

सोलापुरात नळ रोज येत नाही, म्हणून जागा मिळेल तिथं पाणी साठवलेलं असतं. हौद, गच्चीवरची टाकी, मोरीत बॅरल, ओट्याखाली घागरी. जेवढं वापरायचं तेवढं आधी साठवायचं. म्हणून वापर कमी करणं ही मला काटकसर वाटत नाही. घर मोकळं करायचा तोच मार्ग आहे.

पाच माणसांचं घर आणि पाच दिवसांनी येणारा नळ धरा. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी निकषानं पाच दिवसांना ३,३७५ लिटर लागतात. माणशी ८० वर आलात तर २,००० मध्ये भागतं. दोनशे लिटरचे जवळपास सात बॅरल वाचले.

आंघोळीला हात लावू नका, इथल्या मे महिन्यात ती हवीच. आधी संडासाची टाकी बघा. जुनी टाकी एका वेळी दहा लिटर सोडते. लिटरची बाटली पाण्यानं भरून, झाकण घट्ट लावून आत उभी करा. टाकीतल्या तरंगत्या बॉलला अडता कामा नये. दोन बाटल्या ठेवल्या तर एकदा सोडून साफ होत नाही, दोनदा सोडावं लागतं आणि बचत बुडते. मग टाकीत खायचा रंग टाका आणि पंधरा मिनिटं कुणी वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचं रबर गेलंय. ते बदलणं स्वस्तातलं काम, पण गळती आवाज करत नाही म्हणून महिनोन्महिने राहते. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला वापरा. झाडांना नको, क्षार साचतात.

साठा कमी करण्याचा खरा फायदा म्हणजे डास कमी होतात. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून उपयोग नाही; काथ्यानं आतली बाजू, विशेषतः काठ, घासावा लागतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून हे आठवड्यातून एकदा. दहा बॅरल कोण घासणार? तीन सहज होतात.

नळ आला की शिळं म्हणून जुनं पाणी गटारात सोडतात, ते मात्र थांबवा. झाकलेलं असेल तर धुण्याला, संडासाला चांगलंच चालतं. आधी ते संपवा, बॅरल घासा, मग नवं भरा. कूलरची टाकीही याच दिवशी रिकामी करून घासा.