बॅरिॲट्रिकनंतर वजन अडकलं, आणि त्याहून जास्त अडकली ती ऑपरेशन नोट (माझा अनुभव)

ठाण्यात बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन, करून घेणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. तपासण्या, विम्याची मंजुरी, भरती, डिस्चार्ज सगळं रांगेत होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते पुढचं: काटा एका आकड्यावर बसला आणि हलेना, तेव्हा काय करायचं. आणि त्यासाठी लागणारा एक कागद मिळवताना रेकॉर्ड रूम नावाच्या खिडकीने डोकं कसं फिरवलं, तेही. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा सूर जरा तिखट लागेल.

आधी खरंच अडकलंय का ते बघा. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात वजन थांबणं अगदी नेहमीचं आहे. सुरुवातीला शरीरातला ग्लायकोजेन (साखरेचा साठा) संपतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी निघून जातं, म्हणून काटा धडाधड उतरतो. नंतर तेच पाणी थोडं परत भरतं. चरबी कमी होत असते, पण काट्यावर दिसत नाही. म्हणून रोज काट्यावर उभं राहू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, एकाच काट्यावर. सोबत शिंप्याची टेप घेऊन बेंबीच्या रेषेत घेर मोजा. वजन आणि घेर दोन्ही महिनाभर जागचे हलले नाहीत, तर अडकलं म्हणायचं. दीड वर्षानंतर वजन स्थिरावणं हा आणखी वेगळा प्रकार, तिथे शरीर नव्या पातळीवर टेकलेलं असतं. आणि तिथून वजन पुन्हा चढायला लागलं, तर ती तिसरीच गोष्ट. तिन्हींना एकच औषध सांगणाऱ्यापासून लांब राहा.

आता मुद्द्याचं. नवीन सर्जन असो की आहारतज्ज्ञ, पहिला प्रश्न एकच: नेमकं कोणतं ऑपरेशन झालंय? ‘वजनाचं’ हे उत्तर चालत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा बराचसा भाग कापून उरलेल्याची नळी करतात. आत किती जाडीची नळी ठेवून कापलं, हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं) होता का, तो शिवला का, हे लागतं. बायपासमध्ये जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडतात; रू-एन-वाय बायपासमध्ये असे दोन जोड असतात, मिनी बायपासमध्ये एक. दोन्हींत किती सेंटिमीटर आतडं वगळलंय हा कळीचा आकडा. मिनीमध्ये तो साधारण १५० ते २०० च्या घरात असतो, पण ‘साधारण’वर कोणी दुरुस्तीची सर्जरी ठरवत नाही. लांबी माहीत नसताना आणखी आतडं वगळलं, तर प्रोटीन शोषलं जात नाही, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) उतरतं, पायांवर सूज येते. तपासणीसाठी तोंडातून दुर्बीण घालणाऱ्यालाही (एंडोस्कोपी) आत कुठले जोड भेटणार ते आधी माहीत असावं लागतं.

आणि हे सगळं लिहिलेलं असतं एका पानावर, ऑपरेशन नोटवर. डिस्चार्ज कार्डावर काय असतं? ‘लॅपरोस्कोपिक बॅरिॲट्रिक सर्जरी डन अंडर जीए, प्रोसिजर अनइव्हेंटफुल.’ बस. लाखो रुपयांच्या ऑपरेशनची एवढीच हकीकत.

तर, खिडकी. (हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. ठाण्यात कुठेही हाच अनुभव येऊ शकतो.) पहिलं उत्तर, “तुम्हाला डिस्चार्ज दिलंय ना? मग अजून काय पाहिजे?” दुसरं, “काका, फाइल गोदामातून मागवावी लागते, फोन करू तुम्हाला.” तो फोन येत नाही. तिसरं सगळ्यात भारी: “नोटवर सरांची सही राहिलीय, सर आले की या.” सर म्हणजे व्हिजिटिंग कन्सल्टंट, चार हॉस्पिटलं करणारे. ते येतात ते थेट ओटीत, आणि ओटी संपते तेव्हा ही खिडकी बंद झालेली असते. सही राहिली हा त्यांचा प्रश्न, पण ताटकळायचं आपण.

तोंडी विनंतीला तिथे किंमत शून्य. खिडकी हलते ती आवक शिक्क्याने. अर्ज मेडिकल सुपरिटेंडंटच्या नावाने करा, रेकॉर्ड विभागाच्या नावाने नको. भरतीच्या वेळी होतं तसंच पूर्ण नाव, आयपीडी नंबर (भरतीचा), युएचआयडी (हॉस्पिटलने दिलेला रुग्ण क्रमांक), भरती आणि डिस्चार्जची तारीख लिहा. ‘माझे सर्व कागदपत्र’ असं मोघम लिहिलंत, तर डिस्चार्ज कार्डाचीच झेरॉक्स हातात पडेल. नावं घालून मागा: ऑपरेशन नोट, ऑपरेशनआधीच्या एंडोस्कोपीचा रिपोर्ट, स्लीव्ह असेल तर काढलेल्या जठराचा हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा) रिपोर्ट, जठर कापून शिवणाऱ्या स्टेपलरचे स्टिकर चिकटवलेलं पान, आणि भरतीच्या दिवशीची वजन-उंचीची नोंद. शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण किती टक्के वजन उतरलं हे त्याच आकड्यावरून काढतात, आणि घरच्या काट्यावरचा आकडा डॉक्टर धरत नाहीत. सोबत आधारची झेरॉक्स. मुलगा किंवा बायको जाणार असेल, तर सही केलेलं अधिकारपत्र. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह शिक्का घ्या. शिक्का द्यायला का-कू केली, तर तोच अर्ज तिथेच उभं राहून ईमेल करा.

अर्जाच्या शेवटी एक ओळ घाला: इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेतील कलम १.३.२ नुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत देणं बंधनकारक आहे. मूळ फाइल हॉस्पिटलची, पण प्रत मागायचा हक्क तुमचा. झेरॉक्सचे पैसे घेतील, ते द्या. त्याच नियमांत रेकॉर्ड सांभाळायची मुदत उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं आहे. म्हणजे वजन पुन्हा चढून जाग येईपर्यंत फाइल कायद्याने मोडीत निघालेली असू शकते. वजन व्यवस्थित उतरत असलं, तरी ऑपरेशन नोट आजच काढून ठेवा.

७२ तास उलटले, तर लेखी स्मरणपत्र, आणि त्यावर ‘प्रत माहितीसाठी: आरोग्य विभाग, ठाणे महानगरपालिका’ असं टाका. खासगी हॉस्पिटलांची नोंदणी महापालिकेकडे असते, आणि ती एक ओळ वाचून गोदामातली फाइल चमत्कारासारखी सापडते. नवी मुंबईत असाल, तर तीच प्रत बेलापूरच्या मुख्यालयात.

एक चोरवाट खूप उशिरा लक्षात येते, म्हणून ठळक सांगतो: ऑपरेशन कॅशलेस झालं असेल, तर दाव्याच्या फाइलसोबत बरेच कागद टीपीएकडे (विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी संस्था) गेलेले असतात. विमा कंपनीला ईमेल करून दाव्यासोबत आलेल्या कागदांच्या प्रती मागा. ऑपरेशन नोट त्यात असेलच असं नाही, पण मला विचाराल तर खिडकीआधी हा ईमेल टाकावा.

कागद हातात आला की पुढचं सोपं आहे. म्हणजे कष्टाचं, पण सोपं.

खाण्यात पहिली शंका कमी खाण्यावर घ्या, जास्त खाण्यावर नाही. प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतं. ते नसेल तर स्नायू झिजतात, शरीराचा खर्च घटतो आणि काटा अडतो. दोन अंडी १२, पन्नास ग्रॅम पनीर ९, शंभर ग्रॅम सुरमई २०, व्हे प्रोटीन पावडरचा डब्यातला एक चमचा २४ च्या आसपास, झाले ६५. शाकाहारी असाल, तर तीस ग्रॅम कोरडे सोया चंक्स म्हणजे १५ ग्रॅम. पातळ वरण मोजू नका, ते पाणीच असतं. वाटीत चमचा उभा राहील इतकं घट्ट वरण घ्या. ताटात आधी प्रोटीन संपवायचं, मग भाजी, जागा उरली तर चतकोर भाकरी. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. दिवसभरात मात्र दीड ते दोन लिटर, घोट घोट.

दुसरी शंका, सरकून जाणारे पदार्थ. पोळीचा मोठा घास अडतो, फरसाण, खारी, कुरमुरे, आइस्क्रीम अडत नाहीत. लहान झालेल्या जठरातून ते भरल्याची जाणीव न देता खाली उतरतात. मिसळीत मटकी खा, फरसाण बाजूला काढा. तीस ग्रॅम फरसाण म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी, पोट भरल्याचं नाव नाही. चहाचंही तेच. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे तीनशेच्या आसपास कॅलरी, आणि वर ‘मी तर काहीच खात नाही’. पाच दिवस फक्त पातळ पिऊन ‘पाउच रिसेट’ करायचं जे खूळ आहे, त्याने जठर आकसत नाही. पातळ पदार्थ भराभर खाली जातात, भूक उलट लवकर लागते.

चहाचा विषय निघालाच आहे तर: लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, कॅल्शियमसोबतही नाही, दोन तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम सायट्रेट घ्या, दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६००.

औषधांची यादी घेऊन बसा. मधुमेहाचं इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड ऑपरेशनआधीच्याच डोसवर चालू असेल, तर साखर वारंवार उतरते, ती सावरायला गोड खावं लागतं आणि वजन तिथेच राहतं. स्टेरॉइड, व्हॅल्प्रोएट (फिट्सवरचं औषध), मानसिक आजारांवरची काही औषधं वजन धरून ठेवतात. मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्याला विचारा.

रक्त तपासणीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), व्हिटॅमिन बी१२ आणि डी, पीटीएच (कॅल्शियमशी संबंधित हार्मोन), अल्ब्युमिन, टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) एकदमच काढा. पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात, नंतर दर वर्षी. चालणं चांगलंच, तलावपाळीला फेऱ्या मारा, पण स्नायू टिकवायचे तर आठवड्यातून दोन-तीनदा वजनांचा व्यायाम हवा. सर्जनने परवानगी दिल्यावर सोसायटीच्या जिममधले डंबेल्स पुरतात.

हे सगळं नीट होऊनही काटा चढत असेल, तेव्हा बेरियम (पांढरं औषध पाजून काढलेला एक्स-रे) आणि एंडोस्कोपी. स्लीव्ह रुंदावलाय का, बायपासमध्ये जुन्या-नव्या जठरात वाट फुटलीय का, हे तिथे कळतं. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइडची वजन उतरवणारी इंजेक्शनं ऑपरेशननंतरही देतात, पण ती सर्जनला विचारूनच. भूक आणखी मरते, प्रोटीनचा आकडा कोसळतो. आणि एंडोस्कोपी ठरली, तर भूलतज्ज्ञाला इंजेक्शनचं आधी सांगा, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो.

वांत्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत, तर वजनाचा विचार सोडून थेट कॅज्युअल्टी गाठा. सलाइन लावणाऱ्याला बॅरिॲट्रिक झाल्याचं सांगा आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन (व्हिटॅमिन बी१) द्यायला सांगा. थायमिन संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पाय बधिर वाटणं, डोळ्यांसमोर दुहेरी दिसणं, चालताना तोल जाणं ही त्याचीच लक्षणं. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर सोनोग्राफी करा. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात.

ऑपरेशन नोटचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरच्यांच्याही. गुडघा दुखला म्हणून मेडिकलवाला डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन पुढे करेल, तेव्हा बायपास झालाय म्हणून नाही सांगा. या गोळ्यांनी जोडावर अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालते.