बोगमाळोचा सी हॉक आणि अ‍ॅडमिरल ताहिलियानी

वास्कोहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना दाबोळी विमानतळाला वळसा घालून गेले की नौदलाचे विमान संग्रहालय लागते. गोव्याला येणारे पुष्कळ जण त्यावरून तसेच पुढे समुद्राकडे जातात. मी मात्र या खेपेस केवळ एक विमान पाहण्यासाठी आलो होतो. आवारात उघड्यावर मांडलेल्या विमानांमध्ये सर्वांची नजर आधी जाते ती चार इंजिनांच्या अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशनकडे, आणि मला पाहायचे असलेले सी हॉक हे लढाऊ जेट त्यामानाने इतके लहान दिसते की एका माणसापुरत्या त्या कॉकपिटमध्ये बसून कोणी भर समुद्रातल्या नौकेवर उतरत असे, हे चटकन पटत नाही.

१८ मे १९६१ रोजी असा सी हॉक घेऊन लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी ‘विक्रांत’ या भारताच्या पहिल्या विमानवाहू नौकेवर उतरले. या नौकेवर उतरलेले ते पहिले जेट विमान. ४ मार्च १९६१ला बेलफास्ट येथे नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ तेव्हा भारतात पोहोचलीही नव्हती. मुंबई बंदरात ती नोव्हेंबरमध्ये आली.

त्या उतरण्यात नेमके अवघड काय होते, हे सी हॉकच्या शेपटीखाली वाकून हूक पाहिल्यावर उमगते. दाबोळीची धावपट्टी तीन किलोमीटरांहून लांब आहे, तर ‘विक्रांत’ची सगळी लांबी सुमारे २१३ मीटर, आणि त्यातलाही काही भागच उतरण्यासाठी मोकळा असे. खाली डेक पुढे सरकत असतो, लाटांवर वरखाली होत असतो. वैमानिकाने डेकच्या कडेला बसवलेल्या आरशातला प्रकाशाचा ठिपका नजरेत धरून उतार साधायचा आणि डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत हूक अडकवायचा. तार हुकली तर तिरक्या डेकवरून त्याच वेगाने पुन्हा हवेत झेपावणे, एवढाच मार्ग उरतो. मी हे आवारात उभा राहून मनाशी जुळवत असताना शेजारच्या धावपट्टीवर एक प्रवासी विमान उतरले आणि निवांतपणे बरेच लांब धावत गेले. दोन्ही कामांना ‘उतरणे’ हाच शब्द आहे याचे मला नवल वाटले.

याच जातीच्या विमानांनी डिसेंबर १९७१च्या भारत-पाकिस्तान युद्धात ‘विक्रांत’वरून उड्डाण करून कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. बाष्पकाला (बॉयलरला) तडा गेल्यामुळे नौकेचा वेग तेव्हा मर्यादित होता, म्हणजे विमानांना डेकवर हवा असलेला वाराही कमीच मिळत असणार. संग्रहालयात दिसणाऱ्या अलिझे जातीच्या तीन आसनी पाणबुडीविरोधी विमानांनीही त्या मोहिमेत भाग घेतला होता.

ताहिलियानी यांचे नाव त्या पहिल्या उतरण्याशी कायमचे जोडले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. तरीही मला त्यांची पुढची वाटचाल अधिक मोलाची वाटते. ज्या डेकवर ते तरुणपणी उतरले, त्याच ‘विक्रांत’चे कप्तानपद १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे आले. डेकवर येणाऱ्या प्रत्येक वैमानिकाच्या मनात त्या क्षणी काय चालले असेल, हे ठाऊक असलेला अधिकारी कप्तान म्हणून लाभणे ही त्या नौकेवरच्या लोकांसाठी केवढी मोठी गोष्ट असली पाहिजे! १ डिसेंबर १९८४ला ते नौदलप्रमुख झाले. या पदावर पोहोचलेले ते पहिले नौदल वैमानिक. भारताची दुसरी विमानवाहू नौका ‘विराट’ त्यांच्याच कारकिर्दीत, १२ मे १९८७ रोजी, ब्रिटनमध्ये नौदलात दाखल झाली.

निवृत्तीनंतर १९९० ते १९९४ या काळात ते सिक्कीमचे राज्यपाल होते. पुढे ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या भारतीय शाखेचे अध्यक्षपद स्वीकारून त्यांनी सार्वजनिक जीवनातल्या भ्रष्टाचाराविरुद्ध काम केले. राजभवनातून बाहेर पडल्यावर आरामात बसणे सहज शक्य असताना त्यांनी हे काम पत्करले, याचा मला मनापासून आदर वाटतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

संग्रहालय सोमवारी बंद असते. जाणाऱ्यांनी सी हॉक पाहून झाल्यावर सी हॅरियर पाहावा. ते विमान जागच्या जागी तरंगून सरळ खाली उतरत असे, त्यामुळे त्याला तार आणि हूक लागत नसत. पहिला सी हॅरियर ‘विक्रांत’वर उतरवला तो २० डिसेंबर १९८३ रोजी अरुण प्रकाश यांनी, आणि २००४ मध्ये तेही नौदलप्रमुख झाले.