कलम ७४ आणि माझा सीव्ही

८ फेब्रुवारी २०२६, रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज दिवसभर सीव्हीच लिहीत बसले, पहिल्यापासून. डिसेंबरपासून मे महिन्याच्या इंटर्नशिपसाठी मोठ्या अकाउंटिंग फर्म्सना मेल टाकतेय, वीसेक तरी झाले असतील, आणि परवापर्यंत फोन आला तो फक्त एकाच ठिकाणाहून (बिग फोर म्हणजे चार सगळ्यात मोठ्या फर्म्स, त्यातली नाही ती, नाव इथे लिहीत नाही). फोनवरच्या बाईंनी पहिलंच विचारलं, तुम्ही लॉच्या ना, मग आमच्याकडे काय करणार, आम्हाला तर सीएवाले लागतात. आणि मला उत्तरच सुचलं नाही. टॅक्समध्ये इंटरेस्ट आहे एवढंच बोलले. मग त्या म्हणाल्या कमीत कमी दोन महिने सलग यावं लागेल, तेव्हा मी सांगितलं की बार काउन्सिलचा २००८ चा नियम आहे, पाच वर्षांच्या कोर्समध्ये एकूण २० आठवडे इंटर्नशिप करायची पण एका वर्षात सलग ४ आठवड्यांच्या वर नाही. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. त्या रात्री जेवलेच नाही, आईने ताट झाकून ठेवलं होतं.

थर्ड इयरपर्यंत मलाही डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी म्हणजे ऑडिटवाले एवढंच माहीत होतं. तिथे डायरेक्ट टॅक्स, जीएसटी, ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच ग्रुपच्या कंपन्यांमधल्या व्यवहारांच्या किमती) या टीम्समध्ये लॉची मुलं असतात, नोटिसांची उत्तरं लिहितात, अपिलाचे मुद्दे काढतात, जजमेंट वाचून नोट करतात, हे सीनियर्सकडून कळलं. पण कळणं वेगळं आणि दिसणं वेगळं. मला ते दिसलं जानेवारीत इथे वडोदऱ्यात दांडिया बाजारात, आमच्या ओळखीच्या सीए काकांच्या ऑफिसात. दोन खोल्या, एक पंखा, छतापर्यंत फायली.

एका छोट्या व्यापाऱ्याची नोटीस आली होती. २०२०-२१ चं प्रकरण. त्याने माल घेतला, बिलावरचा जीएसटी विकणाऱ्याला दिला, पैसे बँकेतून गेले, क्रेडिट घेतलं (म्हणजे तेवढा टॅक्स स्वतःच्या देण्यातून वजा केला), आणि आता जीएसटी खातं म्हणतं की विकणाऱ्याचं रजिस्ट्रेशन मागच्या तारखेपासून रद्द झालंय आणि त्याने टॅक्स भरलाच नाही, तर तुझं क्रेडिट परत कर. जीएसटी कायद्याचं कलम १६(२)(सी), टॅक्स सरकारकडे जमा झालेला असला पाहिजे ही अट. मला तर हे वाचूनच वाईट वाटलं, भरलं त्याने आणि शिक्षाही त्यालाच. तो माणूस समोरच बसला होता, हातात जुन्या बिलांची पिशवी, काही विचारलं की आधी पिशवीत हात घालायचा.

काका बँकेच्या एंट्र्या बिलांशी लावत होते. मला म्हणाले, बेटा तू नोटीस वाच आणि काय वाटतं ते सांग. तीन पानं होती, पेन्सिल घेऊन बसले. नोटीस कलम ७४ ची. आता ७३ आणि ७४ मधला फरक आम्हाला वर्गात दोन मिनिटांत सांगितलेला, की साधी चूक असेल तर ७३, पेनल्टी टॅक्सच्या १० टक्के किंवा १० हजार यातलं जे जास्त ते, आणि फ्रॉड, मुद्दाम खोटं सांगणं किंवा माहिती दडवणं असेल तर ७४, पेनल्टी टॅक्सएवढीच. मी तीनही पानांत शोधत होते की या माणसाने नेमकं काय दडवलं, कोणती माहिती खोटी दिली. एक ओळ नव्हती तशी. जे होतं ते सगळं विकणाऱ्याबद्दल. मग तारखा बघितल्या. २०२०-२१ च्या वार्षिक रिटर्नची मुदत २८ फेब्रुवारी २०२२ होती, ७३ खाली ऑर्डर काढायला तिथून तीन वर्षं, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२५ ला ती वाट बंद. ७४ ला पाच वर्षं मिळतात. अंगावर काटाच आला मला. ७३ चं दार बंद झाल्यावरच हे प्रकरण ७४ मध्ये बसवलंय!

काकांना सांगितलं. ते चष्मा काढून थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, हे लिहून दे, उत्तरात पहिला मुद्दा हाच घेऊ, माझे आकडे त्याच्या मागे. मग खाली जाऊन आम्ही सेव-उसळ खाल्ली, त्या व्यापाऱ्यानेच आग्रहाने पैसे दिले.

त्या फोनवरच्या बाईंना मला हेच सांगायचं होतं. आकडे सीए माझ्यापेक्षा शंभरपट चांगले बघतो, पण कलमाचा प्रत्येक शब्द नोटिशीत सापडतोय का हे बघायला आम्हाला चार वर्षं शिकवलेलं असतं. आणि हे काम आपल्याकडे चिकार आहे. आयात मालाच्या समुद्रभाड्यावरचा आयजीएसटी (आयात आणि आंतरराज्य व्यवहारांवरचा जीएसटी) आधी गुजरात हायकोर्टात २०२० मध्ये उडाला, मग सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तेच कायम केलं. उलट इन्व्हर्टेड ड्युटीच्या (कच्च्या मालावर टॅक्स जास्त, तयार मालावर कमी) रिफंडमध्ये हायकोर्टात करदाता जिंकला आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. दोन्ही निकाल मी आता मुळातून वाचलेत, हेडनोटवर (वरच्या सारांशावर) भागवलं नाही. वर १ एप्रिलपासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा येतोय, ५३६ कलमं, सगळ्यांनाच परत शिकायचंय, जुन्यांना आणि आम्हालाही.

बाबांना मात्र हे पटत नाहीये. जेवताना म्हणाले, एवढं वकिली शिकून तिथे नोकरी धरलीस तर वकिलीची सनद सस्पेंड करावी लागेल ना? करावी लागेल, खरंय, फुल टाइम पगारावर राहून वकिली करता येत नाही. सीएसुद्धा ट्रिब्युनलपर्यंत उभा राहू शकतो, हायकोर्टात मात्र वकीलच लागतो. बाबांना मी काळ्या कोटात हवीय, आणि मलाही तो कोट हवाय, कधीतरी. पण आधी मला हे शिकायचंय जिथे ते सगळ्यात जास्त होतं तिथे. त्यांना नोटिशीची गोष्ट सांगितली तर म्हणाले, मग त्या माणसाचं काय झालं? अजून काही नाही, उत्तर गेलंय.

नव्या सीव्हीत मूट कोर्ट (कॉलेजातले सरावाचे खटले) खाली गेलं आणि वर हे आलं, व्यापाऱ्याचं नाव-गाव काही न लिहिता, काकांना विचारून: कलम ७४ च्या नोटिशीवर मुदतीचा आणि आरोपाचा मुद्दा काढून उत्तराचा मसुदा केला. कव्हर लेटरमध्ये पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिलं की ४ मे ते २९ मे एवढेच चार आठवडे येऊ शकते आणि का. आधी ही गोष्ट मी शेवटपर्यंत लपवत होते. उद्या कॉलेजातून एनओसीवर (ना-हरकत पत्रावर) सही घ्यायची, मग सगळ्यांना पुन्हा पाठवणार.

आणि गुरुवारी ११ वाजता त्या प्रकरणाचं पर्सनल हिअरिंग आहे. काका म्हणाले, चल, मागे बसून ऐक. आईने पांढरा सलवार-कमीज आत्ताच भिजत घातलाय.